छिंगमिंग

छिंगमिंग (शब्दशः अर्थ: निर्मळ व उजळ) हा चीनमधील पूर्वजस्मरणाचा वसंतकालीन सण आहे. या दिवशी कुटुंबातील माणसे एकत्र येऊन पूर्वजांची थडगी साफ करतात, तेथे अन्न व धूप अर्पण करतात आणि मग रानात किंवा नदीकाठी सहलीला जातात. शोक आणि वसंताचा आनंद एकाच दिवशी नांदणे हे या सणाचे वैशिष्ट्य होय.

कालगणना

बहुतेक चिनी सण चांद्रमासानुसार येतात. छिंगमिंग मात्र सूर्याच्या गतीवर ठरतो. पारंपरिक चिनी पंचांगात सौरवर्षाचे २४ भाग कल्पिलेले असून छिंगमिंग हा त्यांतील पाचवा भाग आहे. वसंतसंपातानंतर सूर्य क्रांतिवृत्तावर १५ अंश पुढे सरकला की त्याचा आरंभ होतो. त्यामुळे मकरसंक्रांतीप्रमाणेच या सणाची तारीखही फारशी बदलत नाही. तो ४ ते ६ एप्रिलच्या दरम्यान येतो. मुळात हे नाव म्हणजे शेतकऱ्यांसाठी ऋतूची खूण होती. पूर्वजपूजेचा संबंध त्याच्याशी पुढे जोडला गेला.

थंड अन्नाचा सण

हा संबंध ‘हानशी’ म्हणजे ‘थंड अन्न’ या जुन्या सणातून आला. छिंगमिंगच्या आदल्या एक-दोन दिवसांत येणाऱ्या या सणाला चूल पेटवीत नसत. त्याची आख्यायिका अशी: इ.स.पू. सातव्या शतकात जिन राज्याचा राजपुत्र छोंग-अर १९ वर्षे परागंदा होता. उपासमारीच्या वेळी जिये झितुई या सेवकाने आपल्या मांडीचे मांस शिजवून त्याला खाऊ घातले. राज्य मिळाल्यावर छोंग-अरने इतरांना बक्षिसे दिली, पण त्याला झितुईचा विसर पडला. झितुई आईला घेऊन डोंगरात निघून गेला. त्याला बाहेर आणण्यासाठी राजाने रान पेटविले. मायलेक मात्र बाहेर न येता जळून मेले. पश्चात्तापदग्ध राजाने त्या दिवशी अग्नी वर्ज्य केला. ‘झो झ्वान’ या प्राचीन इतिहासग्रंथात झितुई अज्ञातवासात मरण पावल्याचा उल्लेख आहे, आगीचा नाही. तो भाग नंतरची भर दिसतो.

ही प्रथा निरुपद्रवी नव्हती. आजच्या शान्शी प्रांतात ऐन थंडीत दीर्घकाळ शिळे अन्न खाल्ले जाई व त्यात वृद्ध आणि बालके दगावत. म्हणून छाओ छाओ या सेनानीने तिच्यावर बंदी घातली होती. पुढे थांग सम्राट श्वेनझोंग याने इ.स. ७३२ मध्ये हानशीच्या दिवशी थडग्यांवर जाण्याच्या रूढीला राजमान्यता दिली. कालांतराने हानशी मागे पडला आणि त्याचे आचार छिंगमिंगमध्ये मिसळले.

आचार व प्रतीके

थडग्यावरील गवत काढणे, माती सारखी करणे व पुसट झालेली अक्षरे पुन्हा रंगविणे ही घरातील लहानथोरांनी मिळून करावयाची कामे. मृतांना परलोकी उपयोगी पडावा म्हणून कागदी पैसा जाळतात. काही ठिकाणी कागदी घरे व वाहनेही जाळली जातात. वाळुंजाची (विलो) फांदी कोठेही रोवली तरी तग धरते. त्यामुळे ती चैतन्याचे प्रतीक मानली गेली. ती दारावर लावीत वा केसांत खोवीत. तिने अमंगळ दूर राहते अशी समजूत होती. यांगत्सेच्या दक्षिणेकडील प्रदेशात कोवळ्या दवण्यासारख्या वनस्पतीच्या रसाने हिरवे केलेले चिकट तांदळाचे गोळे करतात. त्यांत लाल घेवड्याचे गोड सारण असते आणि ते थंडच खातात. हानशीची आठवण एवढीच उरली आहे. पतंग उडवून त्याची दोरी मुद्दाम तोडतात, म्हणजे इडापीडा त्याच्याबरोबर निघून जाते असे मानतात.

आधुनिक काळ

१९७६ साली हा सण ४ एप्रिलला आला. त्याच वर्षी ८ जानेवारीला पंतप्रधान चौ एन-लाय यांचे निधन झाले होते. बीजिंगच्या तिआनानमेन चौकातील हुतात्मा स्मारकापाशी लोकांनी त्यांच्यासाठी पुष्पचक्रांचा ढीग रचला. शोकाच्या आडून सत्ताधाऱ्यांविषयीचा रोषही व्यक्त होत होता. रातोरात पुष्पचक्रे हटविली गेली. दुसऱ्या दिवशी संतप्त जमाव व सुरक्षा दले यांच्यात संघर्ष झाला. ही घटना ‘प्रतिक्रांतिकारक’ ठरविण्यात आली. १९७८ च्या अखेरीस तो शिक्का पुसला गेला.

मुख्य भूमीवर या सणाला सार्वजनिक सुट्टी मिळण्यास २००८ साल उजाडले. हाँगकाँग, मकाव व तैवान येथेही या दिवशी सुट्टी असते. शहरांत दहनाचा प्रसार झाल्याने थडग्याची जागा आता अनेकदा अस्थिकलश ठेवण्याच्या कोनाड्याने घेतली आहे. आगीच्या व प्रदूषणाच्या भीतीने अनेक शहरांत कागद जाळण्यावर निर्बंध आले असून लोक त्याऐवजी फुले वाहतात.