शब्दवेध आणि रात्रीची वराहमृगया

संस्कृत काव्यें व धनुर्वेदावरील ग्रंथ वाचणाऱ्यास ‘शब्दवेध’ हा शब्द अपरिचित नाहीं. डोळ्यांस लक्ष्य दिसत नसतां केवळ आवाजाच्या अनुरोधानें बाण सोडून तें विंधणें, असा त्याचा अर्थ. ह्या विद्येचें खरें क्षेत्र म्हणजे रात्रीची मृगया, व त्यांतही रानडुकराची मृगया, अशी समजूत सामान्यतः आढळते. आम्हीही शिक्षकी पेशांत असतां पुष्कळ वर्षें विद्यार्थ्यांस तसेंच सांगत आलों. एकदां रघुवंशाचा नववा सर्ग चालू असतां एका मुलानें विचारिलें, “गुरुजी, आवाज कोठून आला हें राजाला कळलें, पण तो कोणाचा, हें कसें कळलें?” त्या वेळीं आम्हीं कांहीं तरी सांगून वेळ मारून नेली. सेवानिवृत्तीनंतर मूळ ग्रंथ पुन्हां ताडून पाहिले, तेव्हां तो प्रश्नच ह्या विषयाचा गाभा आहे असें दिसून आलें. त्याचें उत्तर, उशिरां कां होईना, येथें देत आहों.

प्रथम वराहाचा विचार करूं. अमरकोशांत ह्या प्राण्याचीं बारा नांवें दिलीं आहेत. त्यांपैकीं पोत्री व घोणी हीं त्याच्या मुसक्यावरून व नाकावरून, भूदार हें जमीन उकरण्याच्या संवयीवरून, दंष्ट्री हें सुळ्यांवरून आणि स्तब्धरोमा हें ताठ केसांवरून पडलें आहे. डोळ्यांवरून पडलेलें मात्र एकही नांव नाहीं. कोशकारानें हें हेतुपूर्वक केलें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु वस्तुस्थितीशीं तें जुळतें खरें. रानडुकराची दृष्टि अधू, घ्राण व कान मात्र फार तिखट. नागरमोथ्यास निघंटूंत ‘क्रोडेष्टा’, म्हणजे डुकरास आवडणारी, असें नांव आहे; आणि तळ्याकांठीं मोथा उकरणारे वराह कालिदासानें अनेक स्थळीं वर्णिले आहेत. जेथें मनुष्यांची वर्दळ असते तेथें हा प्राणी दिवसा झाडींत पडून राहतो व रात्रीं चरावयास निघतो. भुईमूग, मका, ऊस ह्यांच्या शेतांत माळ्यावर बसून ज्यांनीं राखण केली आहे, त्यांस कळपाचें उकरणें, चावणें व घुरघुरणें चांगलें ओळखीचें असतें. सारांश, हा प्राणी रात्रीं दिसत नाहीं, पण ऐकूं येतो. शब्दवेधास ह्याहून योग्य लक्ष्य कोणतें, असें कोणासही वाटावें.

आतां ही विद्या शिकवीत कशी, तें पाहूं. शार्ङ्गधरपद्धति हा सुभाषितसंग्रह इ. स. 1363 च्या सुमाराचा. पीटर पीटर्सन ह्यांनीं तो 1888 सालीं मुंबईस छापून प्रसिद्ध केला. त्यांत धनुर्वेदाचें एक प्रकरण असून वसिष्ठाच्या नांवावर चालणाऱ्या धनुर्वेदांतही त्यासारखेच पुष्कळ श्लोक येतात. शब्दवेधाच्या अभ्यासाची रीत तेथें अशी सांगितली आहे: लक्ष्याच्या जागीं दोन हातांच्या अंतरावर कांशाचें भांडें ठेवावें, त्यावर खडे मारून आवाज काढावा, तो जेथून उठला त्या जागेवर कान व मन एकवटून लक्ष्याचा निश्चय करावा, पुनः पुन्हां आवाज करवून तो निश्चय दृढ करावा. मग भांडें रोज थोडें थोडें दूर न्यावें आणि शेवटीं अंधारांत अभ्यास करून बाण सोडावा. शेवटीं ग्रंथकार बजावतो कीं, हें कर्म दुष्कर असून एखाद्यासच दैवयोगानें साधतें.

ह्या रीतींत एक गोष्ट सहज नजरेआड होते, व आमच्याही झाली होती. येथें आवाज कांशाच्या भांड्याचा आहे हें धनुर्धरास आधींच ठाऊक असतें. अभ्यास आहे तो जागा ओळखण्याचा. आवाज करणारा कोण, हें ओळखण्याचा नव्हे. महाभारताच्या आदिपर्वांतील अर्जुनाची गोष्टही ह्याच जातीची. जेवतांना वाऱ्यानें दिवा मालवला, तरी हात न चुकतां तोंडाशीं गेला. त्यावरून त्यानें रात्रीं धनुष्याचा अभ्यास आरंभिला व प्रत्यंचेचा टणत्कार ऐकून द्रोण तेथें आले, अशी ती कथा आहे. तेथेंही आहे तो अभ्यास. कोणा जीवाचा प्राण त्यावर टांगलेला नाहीं. कान दिशा सांगतो, ओळख सांगत नाहीं.

हा भेद पुराणकवींना ठाऊक नव्हता असें नाहीं. वाल्मीकीच्या अयोध्याकांडांत दशरथ आपल्या तारुण्यांतील प्रसंग कौसल्येस सांगतो. पावसाळ्याचे दिवस, सरयूच्या कांठीं रात्रीं पाण्यावर येणारा रेडा, हत्ती किंवा दुसरें एखादें श्वापद मारावें म्हणून तो दबा धरून बसला. अंधारांत घडा भरण्याचा आवाज झाला. तो त्यास हत्तीच्या आवाजासारखा वाटला. त्यानें बाण सोडला, आणि उत्तरादाखल मनुष्याची आर्त हांक आली. ह्या मुनिकुमाराचें ‘श्रावण’ हें नांव वाल्मीकीच्या मूळ कथेंत नाहीं. तें मागाहून रूढ झालें. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच. कुमारपणीं आपण शब्दवेधी म्हणून नांवाजलों होतों, हें दशरथ स्वतः सांगतो, व त्या कीर्तीच्या भरांतच हें पाप आपल्या हातून घडलें असें म्हणतो. नेम चुकला नव्हता. बाण बरोबर आवाजावरच लागला. चूक नेमांत नव्हती, ओळखींत होती.

कालिदासानें हीच कथा रघुवंशांत घेतली. पण नदी तमसा केली आणि रात्रीचा आडोसा काढून टाकिला. त्या सर्गांत राजा वराहांची शिकार करतो ती उघड्या डोळ्यांनीं. चिखलांतून निघालेल्या कळपाचा माग तो मोथ्याच्या सांडलेल्या तुकड्यांवरून काढतो. रान्यांत एक रात्र काढून, पुढें एका हरिणाचा पाठलाग करीत तो तमसेकांठीं येतो व घड्याच्या आवाजावर बाण टाकतो. युद्धावांचून राजानें हत्ती मारूं नये, हा निषेध कवि येथें मुद्दाम आठवतो. म्हणजे आवाज खरोखरीच हत्तीचा असता तरी तो बाण सोडणें उचित नव्हतें. वराह दिसतांना मारणारा राजा, न दिसणाऱ्या प्राण्यावर बाण टाकतांच नियम मोडतो, ही रचना आम्हांस सहज घडलेली वाटत नाहीं.

दिवसा व प्रत्यक्ष दिसणाऱ्या वराहाविषयींही केवढा तंटा होऊं शकतो, तें किरातार्जुनाच्या कथेवरून दिसतें. मूक नांवाचा दैत्य वराहरूपानें चाल करून आला. अर्जुनाचा व किरातवेषधारी शिवाचा असे दोन बाण त्यास एकाच वेळीं लागले, आणि शिकार कोणाची ह्यावरून युद्ध जुंपलें. वनपर्वांत अर्जुन किरातावर मृगयाधर्म मोडल्याचा आरोप करतो. दुसऱ्यानें नेम धरलेल्या प्राण्यावर बाण टाकूं नये, असा कांहीं संकेत शिकाऱ्यांत होता हें त्यावरून उघड होतें. हीच कथा भारवीनें अठरा सर्गांत विस्तारली; आणि 634 सालच्या ऐहोळे येथील शिलालेखांत त्याचें नांव कालिदासाबरोबर येत असल्यानें त्याची उत्तरमर्यादाही ठरते. ज्या संकेतास दोघांनीं लक्ष्य पाहिलें असणें आवश्यक, तो अंधारांत पाळावा कसा?

दक्षिणेंत वराहाची शिकार ही केवळ कविकल्पना नव्हती. आतकूर येथील इ. स. 949–50 चा वीरगळ प्रसिद्ध आहे: मनलेर ह्या योद्ध्यानें गंग राजा बूतुग ह्याजकडून पराक्रमाचें बक्षीस म्हणून काळी नांवाचें कुत्रें मागून घेतलें, तें एका मोठ्या वराहाशीं झुंजून मेलें व वराहही मेला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या वंशाच्या मुद्रेवर वराह. तरी त्याच्याच मानसोल्लासांत मृगयेचें विस्तृत प्रकरण आहे आणि वराहमांस रांधण्याची कृतिही आहे. कुमाऊंच्या रुद्रदेवाच्या श्यैनिकशास्त्रांत (हरप्रसाद शास्त्री ह्यांची आवृत्ति, 1910) मृगयेचे आठ प्रकार असून पावलांच्या खुणांवरून माग काढण्यास ‘पदप्रेक्षा’ असें नांव आहे. कोठें कुत्रा, कोठें माग. प्राणी ओळखण्याची सोय दोन्हींकडे आहे.

कौटिल्याचें मतही येथें आठवतें. 1909 सालीं शामशास्त्री ह्यांनीं प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणांत तो मृगयेची बाजू द्यूतापेक्षां उचलून धरतो. व्यायाम होतो, मेद झडतो, स्थिर व चल लक्ष्यावर हात बसतो, आणि राग व भीति ह्यांच्या वेळीं प्राण्याचें चित्त कसें असतें तें कळतें, अशीं त्याचीं कारणें आहेत. ह्यांतील शेवटचें कारण विशेष मोलाचें. प्राण्याचें चित्त जाणावयाचें तर प्राणी समोर दिसला पाहिजे.

शब्दवेधाच्या कीर्तीनें इतिहासासही भुरळ घातली आहे. आंधळ्या पृथ्वीराजानें आवाजावर बाण सोडून घोरीस मारिलें, ही रासोंतील कथा घरोघरीं माहीत आहे. परंतु पृथ्वीराजाचा अंत 1192 च्या तराईच्या पराभवानंतर लवकरच झाला व घोरीचा वध 1206 सालचा. तेव्हां ती कथा इतिहास म्हणून स्वीकारतां येत नाहीं.

पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस ह्यावरून दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, धनुर्वेदाची पोथी हातीं आल्यास शब्दवेधाचे श्लोक लक्ष्याभ्यासांत आहेत कीं मृगयेंत, हें अवश्य टिपून ठेवावें. आम्हीं पाहिलेल्या मुद्रित पाठांत ते अभ्यासांतच आहेत. दुसरी, ‘कोल’ म्हणजे बोरही होतें व ‘क्रोड’ म्हणजे मांडीही होते. एकट्या शब्दावरून पोथींत वराहमृगया आहे असें सूचींत नोंदवूं नये.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून रानडुकराची मृगया परवानगीवांचून करतां येत नाहीं, त्यामुळें हा विषय आतां बहुतांशीं ग्रंथांतच उरला आहे. तथापि ग्रंथांतील अर्थ तरी नीट सांगितला पाहिजे. शब्दवेध ही स्तुत्य विद्या खरी. पण आमच्या कवींनीं ती मृगयेंत वापरून दाखविली ती पश्चात्तापाच्या कथेंत. त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, राजाला तें कळलें नव्हतें, आणि कळलें नसतां त्यानें बाण सोडावयास नको होता. तो मुलगा आतां प्रौढ गृहस्थ झाला असेल. हा लेख त्याच्या दृष्टीस पडल्यास आमच्या डोक्यावरचें एक जुनें ऋण फिटेल.