फॅरोंचे ताईत, पॅरिसचे दागिने

प्राचीन इजिप्तमध्ये दागिन्याला काम असे. शेणाचा गोळा ढकलत नेणाऱ्या किड्यात तिथल्या लोकांना उगवत्या सूर्याचा देव खेप्री दिसला. मग त्याच्या आकाराचे ताईत, म्हणजेच स्कॅरॅब, जिवंतांच्या बोटात आले आणि मृतांच्या छातीवरही. होरसचा डोळा शरीर अभंग राखी. फणा काढलेला नाग राजाच्या कपाळावरून शत्रूवर नजर ठेवी. रंगांनाही अर्थ होते : हिरवा पालवीचा, तांबडा रक्ताचा, निळा आकाशाचा. सोन्याच्या बारीक घरांत बदख्शानचा लाजवर्द, सिनाईचा पिरोजा आणि वाळवंटातला तांबडा अकीक कापून बसवत. ज्याला हे परवडत नसे, तो निळ्या झिलईच्या फायन्सवर भागवी.

हेच आकार पुढे युरोपच्या मेजवान्यांत मिरवले. ‘इजिप्शियन रिव्हायव्हल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दागिन्यांच्या लाटा आल्या, आणि प्रत्येक लाटेमागे इजिप्तमधली एखादी घडामोड होती.

पहिली घडामोड नेपोलियनची. 1798 च्या स्वारीत त्याने सैन्याबरोबर दीडशेहून अधिक विद्वान नेले. त्यांतल्या व्हिव्हाँ दनोंचे सचित्र प्रवासवर्णन 1802 मध्ये निघाले, 1809 पासून ‘देस्क्रिप्स्यों द लेजिप्त’चे अवाढव्य खंड येऊ लागले आणि कारागिरांच्या हाती नमुने पडले. चित्रलिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती. 1822 मध्ये शांपोल्यॉंने ती उलगडली, तरी सोनारांना त्याचे फारसे सोयरसुतक नव्हते. पुढच्या काळातल्या कित्येक दागिन्यांवरची अक्षरे निव्वळ नक्षी आहेत. त्यांतून काहीही वाचता येत नाही.

दुसरी लाट जास्त श्रीमंत. 1859 मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ऑग्यूस्त मारिएतच्या माणसांना थीब्जला राणी आहहोतेपची शवपेटी मिळाली. तिच्यासोबत खंजीर, कुऱ्हाड, कडी आणि सोन्याच्या तीन मोठ्या माश्या होत्या. अशी माशी शौर्याचे बक्षीस म्हणून दिली जाई. हा ऐवज 1862 मध्ये लंडनला आणि 1867 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडला गेला. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिचा त्यावर जीव जडला. तिने मागणी केली, तेव्हा इजिप्तचा शासक खेदिव इस्माईलने मारिएतकडे बोट दाखवले आणि मारिएतने नकार दिला. ऐवज इजिप्तला परतला. पण त्याच प्रदर्शनात बोग्रां आणि फ्रोमाँ-मरिस या पॅरिसच्या सोनारांनी इजिप्शियन धर्तीचे दागिने मांडले होते. अस्सल मिळाले नाही, तरी त्या वळणाचे दागिने मात्र आता विकत मिळू लागले.

1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला. 1871 मध्ये कैरोत व्हेर्दींचा ‘आयदा’ हा ऑपेरा रंगला. त्याचे मूळ कथानक मारिएतचेच. रोमचे कास्तेल्लानी सोन्यात स्कॅरॅब जडवत होते, तर लंडनच्या फिलिप्स ब्रदर्सनी 1884-85 मध्ये लेडी ग्रॅनव्हिलसाठी मुकुट आणि गळ्यातले घडवले. ब्रिटिश म्युझियममधल्या या संचात चमकदार हिरवे, खरेखुरे किडे जडवले आहेत, पण ते दक्षिण अमेरिकेतले सोंडकिडे आहेत! खेप्रीशी त्यांचे काही नाते नाही. अर्थ नाईलकाठी राहिला आणि फक्त आकार प्रवासाला निघाला, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

नोव्हेंबर 1922 मध्ये हॉवर्ड कार्टरने तुतनखामुनची कबर उघडली आणि तिसरी लाट उसळली. आता सोन्याच्या जोडीला प्लॅटिनम, हिरे आणि काळा ऑनिक्स आला. रेषा सरळ, आकार सपाट झाले. व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सच्या 1924 च्या कड्यांवर हिऱ्यांच्या पार्श्वभूमीवर माणिक, पाचू आणि नीलम कापून इजिप्शियन आकृत्या बसवल्या आहेत. कार्तिएने आणखी पुढचे पाऊल टाकले. लुई कार्तिए जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडून खरे प्राचीन तुकडे घेई आणि त्यांभोवती नवा दागिना रची. 1924 च्या त्यांच्या स्कॅरॅब ब्रोचचे निळे पंख प्राचीन फायन्सचे, अंग धुरकट स्फटिकाचे आणि कडा हिऱ्यांच्या आहेत. दुसरीकडे बोहेमियातल्या याब्लोनेत्समध्ये काच आणि पितळेचे असेच नमुने सामान्य गिऱ्हाइकासाठी बनत होते.

कार्तिएची ही ब्रोच देखणी आहे, पण तिच्यातला प्राचीन तुकडा हाच खरा प्रश्न आहे. मारिएतने सम्राज्ञीला जे नाकारले, ते जवळपास साठ वर्षांनी बाजारात तुकड्यातुकड्यांनी मिळत होते. तुतनखामुनचा ठेवा मात्र वाटला गेला नाही. त्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तूंसाठी गिझाच्या नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये जागा राखली आहे. 1983 च्या कायद्याने इजिप्तने पुराणवस्तूंचा व्यापारच बंद केला.

म्हणून आज असा दागिना घेणाऱ्याने दोन गोष्टी वेगळ्या तपासाव्यात : घडणावळ आणि आत बसवलेली वस्तू. नुसत्या आकारावरून काळ ठरत नाही, कारण स्कॅरॅब आणि कमळ तिन्ही लाटांत आहेत. काळ सांगतात ते धातू, पाठीमागची पिन, फासा आणि सोनाराची मोहर. लक्सरला एकोणिसाव्या शतकातच बनावट स्कॅरॅब पर्यटकांच्या गळ्यात मारले जात. त्यामुळे कोंदण अस्सल 1870 चे आणि किडा नकली, असेही घडते. असा दागिना टाकाऊ नव्हे. त्याची किंमत युरोपच्या कारागिरीची धरावी, फॅरोच्या नावाची नव्हे. आणि आतला तुकडा खरोखर प्राचीन निघाला, तर भावाआधी एकच विचारावे : तो इजिप्तबाहेर केव्हा आणि कसा आला, याचे कागद आहेत का?