उशाशी उभा असलेला माणूस

बेळगाव-मिरजेकडून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने हृदयाच्या ऑपरेशनसाठी बंगळुरू गाठणाऱ्यांना बन्नेरघट्टा रस्त्यावरची जयदेव संस्था किंवा बोम्मसंद्रचं नारायण हृदयालय ठाऊक असतं, सर्जनचं नावही पाठ असतं. उशाशी उभ्या असणाऱ्या भूलतज्ज्ञाचं नाव मात्र घरी परतल्यावरही कुणाला सांगता येत नाही. मला त्याच्या हातातल्या, तोंडावाटे अन्ननलिकेत उतरवायच्या बोटभर जाडीच्या सोनोग्राफी प्रोबबद्दल लिहायचं आहे.

अन्ननलिका ही हृदयाची पाठीमागची सख्खी शेजारीण. डावं अलिंद तिला जवळजवळ टेकलेलं. मध्ये ना फासळी, ना फुप्फुसातली हवा. म्हणून तिथून सोनोग्राफीत झडपा लख्ख दिसतात. १९७६ साली लिऑन फ्रेझिन यांनी ही वाट दाखवली. याच शेजाराचा दुसरा उपयोग त्याआधीच, १९६९ साली, बुराक आणि फर्मन यांनी मांडला होता: अन्ननलिकेतून विजेचे हलके झटके देऊन हृदयाचे ठोके चालवायचे. भिंतीपलीकडून द्यायचा म्हणून हा झटका साधारण १० मिलिसेकंदांचा, म्हणजे कायमच्या पेसमेकरच्या झटक्यापेक्षा कितीतरी लांब.

ऑपरेशनमध्ये सोनोग्राफी आणि हे झटके एकत्र आले की खरी गंमत कळते. बीटा-ब्लॉकर आणि भुलीच्या औषधांनी ठोके चाळिशीत उतरतात, रक्तदाब ढासळतो. छातीच्या कातडीवरून पेसिंग केलं तर स्नायू उडतात, सर्जनचा हात थांबतो. अन्ननलिकेतून अलिंद चालवलं की अलिंद आधी, मग निलय हा नैसर्गिक क्रम टिकतो. आणि वाढलेल्या ठोक्यांनी निलय नीट भरतंय की घाईत रिकामंच राहतंय, हे त्याच क्षणी पडद्यावर दिसतं. मॉनिटरवरचा आकडा एवढं सांगत नाही.

जागा मात्र अचूक लागते. निलय पाहायला प्रोब जठरात उतरवला, तर त्याच्या टोकाशी बांधलेले, झटके देणारे इलेक्ट्रोड अलिंदापासून दूर जातात आणि झटक्यांची पकड सुटते. इलेक्ट्रोड वेगळ्या बारीक नळीवर असले तर दोन्ही साधतं. अन्ननलिका आकसलेली असेल, तर ही वाटच बंद.

धडधडत्या हृदयावरच्या बायपासमध्ये हृदयाची उजवी धमनी काही मिनिटं अडवली, की कधी कधी अलिंद-निलयामधली विजेची वाटच निरोप पोचवायचं थांबवते. मग अलिंदाला कितीही हाका मारा, निलय ऐकत नाही. अशा वेळी सर्जन उघड्या छातीतून थेट निलयावर तार टाचतो, आणि तिच्या प्रत्येक झटक्याला निलय आवळतंय का, हे उशाशी उभा असलेला माणूस पडद्यावर पाहत राहतो.