रिकाम्या धावपट्ट्यांवरचा वेग

१९४४ साली अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या ग्रेट बेंड या गावच्या लष्करी तळावरून बी-२९ जातीची अवाढव्य बॉम्बफेकी विमाने निघाली आणि मजल दरमजल करत कलकत्त्याच्या पश्चिमेकडच्या तळांवर येऊन उतरली. खरगपूर, चाकुलिया, दुधकुंडी ही त्या तळांची नावे. तिथून हिमालय ओलांडून, चीनमार्गे, ती जपानवर चालून जात. युद्ध संपले, विमाने गेली, धावपट्ट्या मागे राहिल्या. दहा वर्षांनी, १९५५ मध्ये, ग्रेट बेंडच्या त्याच युद्धकालीन धावपट्टीवर अमेरिकेतली पहिली राष्ट्रीय ड्रॅग शर्यत भरली. त्याच दशकात इकडे हुगळीकाठच्या बॅरकपूर विमानतळावर कलकत्त्याची हौशी मंडळी आपापल्या मोटारी घेऊन जमू लागली होती.

या दोन गर्दींची एकमेकींशी ओळख नव्हती, पण दोन्हींचे मूळ एकच होते: महायुद्धाने मागे ठेवलेले लांबलचक काँक्रीट आणि यंत्राचा नाद लागलेली तरुण पोरे. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. अमेरिकेने आपल्या शर्यतींची आठवण छायाचित्रांत, नियतकालिकांत आणि संग्रहालयांत जपली. कोलकात्याने गाड्या जिवापाड जपल्या, पण शर्यतींची आठवण घरोघरच्या अल्बममध्ये विखुरलेली राहू दिली. त्या आठवणीचा हा आढावा.

पाव मैलाचा खेळ

ड्रॅग शर्यतीचा नियम लहान मुलालाही समजेल इतका सोपा आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, इशारा झाला की सुटायचे, आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, जो आधी कापेल तो जिंकला. वळण नाही, फेऱ्या नाहीत. हरलेला बाहेर, जिंकलेला पुढच्या जोडीत. सगळा निकाल काही सेकंदांत लागतो, आणि त्या सेकंदांसाठी माणसे वर्षभर गॅरेजमध्ये राबतात.

१९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर या नादाची सुरुवात झाली. युद्धावरून परतलेल्या तरुणांच्या हातात यंत्रविद्या होती आणि जुन्या फोर्ड व्ही-८ गाड्या स्वस्तात मिळत होत्या. त्या सोलून हलक्या करायच्या, इंजिन फुगवायचे आणि रात्री गावाच्या रस्त्यावर पळवायच्या, हा प्रकार बोकाळला. अपघात झाले, पोलीस मागे लागले, वर्तमानपत्रांनी झोडपले. १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ हे मासिक निघाले. त्याचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. पोरांना रस्त्यावरून उचलून धावपट्टीवर आणायचे, हा त्यांचा ध्यास होता. त्याआधीच, १९५० मध्ये, सांता आना इथल्या विमानतळावर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या होत्या. १९५४ पासून संघटनेचे एक पथक गाडीला सामान जोडून गावोगाव फिरू लागले. वेळ कशी मोजायची, गाडी कशी तपासायची, प्रेक्षक किती अंतरावर उभे करायचे, हे सगळे ते शिकवत असे.

सुरुवातीला दोन गाड्यांच्या मधोमध झेंडेवाला उभा राही. त्याने झेंडा उंचावून उडी मारली की गाड्या त्याच्या दोन्ही बाजूंनी सुसाट निघत. १९६३ पासून त्याची जागा दिव्यांच्या खांबाने घेतली. १९६४ मध्ये डॉन गार्लिट्स यांनी ताशी २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरची नोंद केली. त्या काळच्या ड्रॅगस्टरमध्ये इंजिन पुढे आणि चालक थेट मागच्या चाकांच्याही मागे बसे. १९७० मध्ये गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरचा भाग फुटला आणि त्यांच्या उजव्या पायाचा तुकडा गेला. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे नेलेली गाडी बांधली, १९७१ मध्ये ती जिंकू लागली, आणि पाहता पाहता साऱ्या खेळाने ती रचना उचलली. १९७७ मध्ये शर्ली मुल्डाउनी या बाईंनी सर्वांत वरच्या टॉप फ्युएल गटाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले.

हे सगळे आज इतक्या बारकाव्याने सांगता येते, कारण त्याची छायाचित्रे आहेत आणि छायाचित्रांखाली नावे आहेत. लॉस एंजेलिसजवळचा लायन्स ड्रॅग स्ट्रिप १९७२ मध्ये बंद झाला. तरी तिथे कोणती गाडी कुणाशी झुंजली, हे चित्रांवरून सांगणारी माणसे अजून भेटतात. गार्लिट्स यांनी फ्लोरिडात ड्रॅग शर्यतींचे संग्रहालय उभारले. त्यांची एक गाडी १९८७ मध्ये स्मिथसोनियन संस्थेत पोहोचली. १९९२ पासून बेकर्सफील्डजवळच्या फमोसो ट्रॅकवर जुन्या खेळाडूंचे संमेलन भरू लागले. फमोसो हीसुद्धा युद्धकाळातलीच धावपट्टी.

मोटारींचे कलकत्ता

कलकत्ता हे भारतातल्या मोटारीच्या वेडाचे एक मूळपीठ आहे. तिथे १९०४ सालीच मोटारमालकांची संघटना उभी राहिली. १९१० मध्ये रॉबर्ट मॅथ्यूसन या तिथल्या धनाढ्य इंग्रजाने इंग्लंडहून एक मोटार घडवून आणली. तिचे तोंड राजहंसाचे होते. हंसाच्या चोचीतून वाफेचा फवारा उडे, आणि मागून रस्त्यावर चुन्याचा पांढरा सडा पडे, म्हणजे पक्षी खरा वाटावा. ती पाहायला इतकी झुंबड उडाली की पोलिसांनी तिला रस्त्यावर बंदी घातली. पुढे ती नाभाच्या महाराजांकडे गेली. आज ती नेदरलँड्समधल्या हेग शहरातल्या लाउमन संग्रहालयात आहे.

मराठी माणसाला या शहराच्या रस्त्यांत आपलाही एक धागा सापडतो. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारीच्या धास्तीने १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती ‘मराठा डिच’ खणायला घेतला. तो अर्धवटच राहिला, १७९९ मध्ये बुजवला गेला आणि त्या कामातून सर्क्युलर रोड घडला. त्याच रस्त्याच्या दक्षिण भागात, पार्क स्ट्रीटच्या चौकाजवळ, मल्लिक बाजार आहे. जुन्या गाडीचा सुटा भाग हवा असला की सारे कोलकाता तिकडे वळते. काचा, दिवे, बोनेटवरची चिन्हे, डायनॅमो यांचे ढीग आणि त्यात नेमके हवे ते शोधून देणारे कारागीर, यांच्या जिवावर या शहरातल्या जुन्या गाड्या धावत्या राहिल्या.

अमेरिकन गाड्यांशीही इथला संबंध जुना. फोर्डने १९२०च्या दशकातच मुंबई आणि मद्रासबरोबर कलकत्त्यात बस्तान बसवले होते. ऋत्विक घटक यांच्या १९५८च्या ‘अजांत्रिक’ या चित्रपटाची नायिका म्हणावी अशी १९२०ची शेव्हरोले आहे. तिचे नाव जगद्दल, आणि तिचा चालक बिमल तिच्याशी माणसासारखे बोलतो. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याखाली डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या. त्याच क्रायस्लरचे ‘हेमी’ इंजिन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरमध्ये गर्जत होते. हुगळीपलीकडे उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सचा कारखाना होता. तिथल्या अँबॅसिडरला पुढे १४८९ सीसीचे जे बी-सिरीज इंजिन मिळाले, त्याच घराण्यातले इंजिन एमजीए या इंग्रजी स्पोर्ट्स कारला होते. टॅक्सी म्हणून ओळखल्या गेलेल्या या गाडीत शर्यतीची धमक शोधणाऱ्यांची हौस अनाठायी नव्हती.

बॅरकपूरचे रविवार

महायुद्धात कलकत्ता हे आघाडीच्या पिछाडीचे मोठे शहर झाले होते. मैदानाच्या कडेने जाणाऱ्या रेड रोडचीसुद्धा धावपट्टी केली होती, तिथून लढाऊ विमाने उडत. शहराच्या उत्तरेला, साधारण पंचवीस किलोमीटरवर, बॅरकपूरचा तळ होता. १९५०च्या दशकात तिथे मोटारींच्या शर्यती रुजल्या आणि कलकत्ता मोटर स्पोर्ट्स क्लबच्या छत्राखाली त्यांना शिस्त आली. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर आणि मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर याच सुमारास हाच खेळ रंगला. भारतीय मोटार शर्यतीचा पाळणा हलला तो विमानतळांवर.

या शर्यती अमेरिकन अर्थाने ड्रॅग नव्हत्या, त्यांत वळणे असत. पण मुळात विमानासाठी बांधलेली लांब सरळ पट्टी असल्याने गाडी सुटते कशी आणि सरळ रेषेत किती ताणते, यालाच मोठे मोल होते. एमजी, जॅग्वार अशा विलायती गाड्यांबरोबर फियाट, हेराल्ड, अँबॅसिडर या घरगुती गाड्याही शर्यतीच्या मैदानात उतरत. परकीय चलनाची टंचाई होती आणि आयातीवर कडक बंधने होती, त्यामुळे नवी शर्यतीची गाडी आणणे जवळपास अशक्य. मग असलेल्या गाडीचे वजन घटवायचे, सिलिंडर हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचे, कार्ब्युरेटर बदलायचा, हे मार्ग उरत. हे सारे पदरमोड करून. यातून भारतातल्या ट्यूनिंग करणाऱ्या मिस्त्रींची एक पिढी घडली. तिचे ऋण पुढच्या प्रत्येक खेळाडूवर आहे. कलकत्त्याचे किन्नी लाल, मुंबईचे नझीर हुसेन, गोंडलचे राजकुमार ही त्या काळातली गाजलेली नावे.

पण लष्कराची धावपट्टी खेळाला उसनी मिळते, कायमची नाही. १९६५च्या युद्धात पाकिस्तानी विमानांनी कलाईकुंडा आणि बॅरकपूरवर हल्ले केले. त्या तळांचे खरे काम कोणते, याची आठवण सगळ्यांनाच झाली. मद्रासच्या क्लबने दूरदृष्टीने इरुंगट्टुकोट्टईला स्वतःची जागा घेतली आणि १९९० मध्ये तिथे कायमचा ट्रॅक सुरू झाला. आज कोलकात्याला तसा ट्रॅक नाही. तिथे टिकली ती स्टेट्समन वृत्तपत्राची विंटेज कार रॅली. १९६४ मध्ये दिल्लीत आणि १९६८ मध्ये कलकत्त्यात ती सुरू झाली. नटूनथटून निघालेल्या जुन्या गाड्या पाहायला आजही लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहतात. या रॅलीने अनेक गाड्या भंगारात जाण्यापासून वाचवल्या, हे तिचे मोठे काम आहे. पण रॅली गाडीचे सौंदर्य दाखवते. त्या गाडीने कधीकाळी काय पराक्रम केला, ते सांगायला शर्यतीचे छायाचित्रच लागते.

वेगाला जागा दिली नाही तर तो रस्त्यावर येतो, हे वॉली पार्क्स यांनी ओळखले होते. १३ जानेवारी २०१६ रोजी त्याच रेड रोडवर, प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचा सराव सुरू असताना, एका भरधाव मोटारीने हवाई दलाच्या जवानाचा बळी घेतला. दुसरीकडे आपल्या पुणे जिल्ह्यात ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने रीतसर ड्रॅग स्पर्धा भरल्या. तिथे वेळ मोजण्याची यंत्रे असतात आणि गाड्यांची तपासणी होते. तरुणाला वेगाचे आकर्षण असणारच. त्याला कुठे उभे करायचे, हे समाजाने ठरवायचे असते.

चित्रात काय उरले

त्या काळच्या घरगुती अल्बममध्ये धावत्या गाडीची छायाचित्रे कमी आणि उभ्या गाडीची जास्त का, याचे उत्तर कॅमेऱ्यात आहे. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक-थ्री किंवा तसलाच साधा बॉक्स कॅमेरा घरात असे. त्याचा शटर साधारण पन्नासांश सेकंद उघडा राही. ताशी शंभर किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात सुमारे ५५ सेंटिमीटर पुढे सरकते. मग फोटोत गाडीच्या जागी करडा पट्टा उमटायचा. कॅमेरा गाडीबरोबर फिरवत बटण दाबायचे कसब काही मोजक्यांकडेच होते. रोलमध्ये बारा फोटो, धुणे-छापणे महाग, त्यामुळे बहुतेकांनी शर्यतीआधीच फोटो उरकून घेतले: उघडे बोनेट, त्यावर वाकलेले मिस्त्री, दारावर खडूने किंवा रंगाने काढलेला क्रमांक. अभ्यासकाला हेच फोटो जास्त बोलतात. टायर कोणते, कार्ब्युरेटर किती, बंपर काढला होता का, हे सारे त्यांत दिसते.

नाव असले की चित्र किती बोलते, याचा दाखलाही कलकत्त्यातच आहे. क्लाइड वॅडेल या अमेरिकन लष्करी छायाचित्रकाराने युद्धाच्या अखेरीस शहराची साठ छायाचित्रे काढली आणि प्रत्येकाखाली माहिती लिहिली. म्हणून आज ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहासाचे साधन म्हणून वापरली जातात. याच्या उलट, बोर्न अँड शेफर्ड या शहरातल्या दीडशे वर्षांच्या फोटो स्टुडिओला १९९१ मध्ये आग लागून मोठा संग्रह जळाला. २०१६ मध्ये तो स्टुडिओही बंद झाला.

बंगालची दमट हवा चांदीच्या छपाईच्या फोटोंची वैरीण आहे. बुरशी आधी कडेला धरते, मग चेहऱ्यापर्यंत येते. चिकट पानांचे अल्बम फोटोचा पृष्ठभाग खातात. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला की ती सडते आहे असे समजावे. आपल्या कोकणात आणि मुंबईतही हवा याहून फारशी वेगळी नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून अल्बमची पेटी खाली येतेच. त्यात जुहू, बॅरकपूर, शोलावरम किंवा कुठल्याही धावपट्टीवरच्या गाडीचा फोटो असेल, तर तो बाजूला काढा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून गाडी, चालक, मिस्त्री, ठिकाण आणि साल मऊ पेन्सिलीने मागच्या बाजूला, कडेला, हलक्या हाताने लिहा. फोटो लॅमिनेट करू नका. ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि एक प्रत जुन्या गाड्यांच्या क्लबकडे किंवा ग्रंथालयाकडे द्या. बॅरकपूरला ज्यांनी विशीत स्टिअरिंग धरले, ते आज नव्वदीच्या आसपास आहेत. विचारायचे असेल तर याच दिवाळीत विचारा.