फुकटचे प्यादे

पहाडगंजमधल्या आमच्या दोन खोल्यांत सुट्टीच्या दुपारी बुद्धिबळाचा पट हमखास मांडला जातो. खाली गल्लीत रिक्षांचा गोंगाट, वर बापलेकांची चुरस! परवा धाकटा स्पर्धेतून हिरमुसून आला. "आई, समोरच्याने प्यादे फुकट दिले, मी घेतले आणि हरलो!"

तेव्हा त्याच्या बाबांनी विश्वनाथन आनंदचा एक डाव पटावर मांडला.

२००० साली दिल्लीत फेऱ्या व तेहरानला अंतिम सामना झालेल्या स्पर्धेत आनंद प्रथमच जगज्जेता झाला होता. हा डाव त्यानंतरचा, ११ मे २०१० चा. ठिकाण बल्गेरियाची राजधानी सोफिया. जगज्जेतेपदाच्या लढतीतला बारावा आणि शेवटचा डाव. दोघांचेही गुण साडेपाच. समोर त्याच देशाचा टोपालोव्ह. आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे विमाने बंद होती, म्हणून आनंद फ्रँकफर्टहून सुमारे ४० तास मोटारीने तिथे पोहोचला होता.

टोपालोव्हने वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. आनंदनेही तेच केले. लगेच टोपालोव्हने शेजारचे, उंटापुढचे प्यादे जणू देऊ केले. हाच तो 'क्वीन्स गॅम्बिट'. ते प्यादे घेणाऱ्याचा पटाच्या मध्यावरचा ताबा सैल होतो. आनंदने मोह टाळला. राजापुढचे प्यादे एक घर सरकवून त्याने मधल्या प्याद्याला आधार दिला. सातव्या चालीला घोडा मध्यभागी नेऊन मोहऱ्यांची अदलाबदल सुरू केली. हा बचाव जुना जगज्जेता इमॅन्युएल लास्कर याच्या नावाने ओळखला जातो.

डाव बरोबरीकडे झुकला. बरोबरी झाली असती तर जलद डाव खेळावे लागले असते आणि त्यात आनंदचा हात धरणारे थोडेच. टोपालोव्हला ते नको होते. ३१ व्या चालीला त्याने एक प्यादे मारले. आनंदने आणखी एक पुढे केले. ३२ व्या चालीला टोपालोव्हने तेही मारले आणि त्याचा राजा उघडा पडला! आनंदचा वजीर शह देत आत घुसला, मागोमाग हत्ती आला. ५६ चालींत टोपालोव्हने हार मानली.

"म्हणजे फुकटचे प्यादे कधीच घ्यायचे नाही?" धाकट्याने विचारले.

"घ्यायचे. पण त्याने ते का दिले, हे आधी स्वतःला विचारायचे," बाबा म्हणाले.

चिरंजीव काही बोलले नाहीत. मुकाट्याने मोहरी पुन्हा मांडू लागले.