गर्भारपणातील व प्रसूत्युत्तर विषण्णता : जोखमीच्या घटकांचा विचार

बाळंतपणानंतर स्त्रीच्या मनःस्थितीत जे विकार उद्भवतात त्यांची जाणीव वैद्यकास फार पूर्वीपासून आहे. लुई-व्हिक्तॉर मार्से या फ्रेंच वैद्याने गर्भिणी, नवप्रसूता व स्तन्यदा स्त्रियांच्या मनोविकृतींवर १८५८ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला. परंतु मार्सेपुढील रुग्णा वेडाच्या म्हणता येतील अशा होत्या. जी स्त्री घरातच राहते, चूल सांभाळते, मुलाला पाजते आणि तरीही आतून खचलेली असते, तिच्याकडे संशोधकांचे लक्ष वळण्यास आणखी शंभर वर्षे लागली. ब्राइस पिट यांचा लंडनमधील प्रसूतांविषयीचा निबंध १९६८ सालचा आहे, आणि या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासाची सुरुवात सामान्यतः तेथपासून मानली जाते.

प्रसूतीशी निगडित अशा तीन अवस्था सरसहा एकाच नावाखाली गोळा केल्या जातात. त्या प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून अधिक स्त्रियांना अकारण रडू येते, मन हळवे होते; ही अवस्था थोड्या दिवसांत आपोआप ओसरते व तिला रोग म्हणणे योग्य नव्हे. दुसऱ्या टोकास प्रसूत्युत्तर उन्माद आहे. तो हजारी एक-दोन स्त्रियांस होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच प्रकटतो, आणि त्यावर तातडीचे उपचार अवश्य असतात. त्याच्या मुळाशी आनुवंशिकता व पूर्वीचा द्विध्रुवी मनोविकार यांचा वाटा मोठा असतो. या दोहोंच्या मध्ये विषण्णता येते. उत्साह मावळणे, झोप व भूक बिघडणे, आपण आई म्हणून निकामी आहोत असे सतत वाटणे, ही लक्षणे आठवडेच्या आठवडे टिकतात. प्रस्तुत विवेचन या मधल्या अवस्थेपुरतेच आहे.

‘जोखमीचा घटक’ म्हणजे कारण नव्हे. ज्या गोष्टीच्या अस्तित्वामुळे विकाराची संभाव्यता वाढलेली आढळते, ती गोष्ट म्हणजे जोखमीचा घटक. तो कारण असेल, कारणाची खूण असेल, किंवा विकाराचाच प्रारंभीचा अंश असेल. हा भेद न पाळल्यामुळे या क्षेत्रात पुष्कळ गोंधळ माजला आहे.

संप्रेरकांचेच उदाहरण घ्यावे. प्रसूतीनंतर काही दिवसांतच इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांचे प्रमाण एकदम कोसळते, तेव्हा विषण्णतेचे कारण तेच, असे अनुमान सहज सुचते. परंतु ही घसरण प्रत्येक प्रसूतेच्या शरीरात होते. विषण्ण मात्र काहीच होतात. या कोड्यावर ब्लोक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगाने चांगला प्रकाश टाकला. त्यांनी सोळा निरोगी स्त्रियांना गर्भारपणात असतात तशी संप्रेरके औषधरूपाने देऊन नंतर ती एकाएकी बंद केली. ज्या आठ जणींना पूर्वी प्रसूत्युत्तर विषण्णता होऊन गेली होती, त्यांपैकी पाच जणींच्या मनःस्थितीत लक्षणीय बिघाड झाला. उरलेल्या आठ जणींत एकीच्याही झाला नाही. म्हणजे फरक संप्रेरकांच्या प्रमाणात नसून त्यांच्या चढउताराला प्रतिसाद देणाऱ्या प्रकृतीत आहे. सोळा ही संख्या लहान आहे हे खरे, तथापि प्रयोगाची मांडणी इतकी नेमकी आहे की त्याचा निष्कर्ष सहजासहजी बाजूस सारता येत नाही.

‘प्रसूत्युत्तर’ हे विशेषणही काहीसे फसवे आहे. ब्रिस्टल येथील मातांच्या मोठ्या समूहाचा जो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गर्भारपणाच्या बत्तिसाव्या आठवड्यात १३.५ टक्के स्त्रिया संभाव्य विषण्णतेच्या मर्यादेपलीकडे होत्या. प्रसूतीनंतर आठव्या आठवड्यात हेच प्रमाण ९.१ टक्के होते. याचा अर्थ असा की, ज्या विकाराचा शोध आपण बाळंतिणीच्या खोलीत घेतो त्याचा आरंभ कित्येकदा त्याआधी काही महिने झालेला असतो.

या बाबतीत गोव्यातील अभ्यास विशेष मननीय आहे. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज व नंदिता डिसोझा यांनी एका जिल्हा रुग्णालयात गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत आलेल्या २७० स्त्रियांची पाहणी करून, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी व पुन्हा सहा महिन्यांनी त्यांची विचारपूस केली. त्यांचा निबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांच्या पाहणीत ५९ माता, म्हणजे २३ टक्के, विषण्ण आढळल्या. त्यांपैकी ७८ टक्के स्त्रियांना गर्भारपणीच मानसिक त्रास होता. आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. आर्थिक ओढग्रस्तता व पतिपत्नीतील बेबनाव हे दोन घटक ठळकपणे पुढे आले. पोटाला पुरेसे नसणे आणि नवऱ्याची मारहाण यांचाही उल्लेख संशोधकांनी स्पष्ट शब्दांत केला आहे.

परंतु या अभ्यासाचे खरे महत्त्व अपत्याच्या लिंगासंबंधीच्या निष्कर्षात आहे. मुलगी झाल्यास विषण्णतेची जोखीम वाढते, एवढेच तेथे आढळले असते तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. संशोधकांना असे दिसले की अपत्याचे लिंग इतर घटकांच्या परिणामातही बदल घडवून आणते. मारहाण, उपासमार यांसारख्या आपत्तींचा मनावरील भार घरात मुलगा आला की मुलगी, यावर काही अंशी अवलंबून राहतो. संख्याशास्त्रात यास घटकांची परस्परक्रिया म्हणतात. प्रत्येक घटकाचे बळ निरनिराळे मोजून त्यांची बेरीज केली तर ही गोष्ट नजरेतून निसटते. अर्भकाचे लिंग ही जीवशास्त्रीय वस्तुस्थिती खरी, पण तिला जोखमीचे रूप देतो तो कुटुंबाचा त्या अर्भकाविषयीचा भाव. त्यामुळे या घटकाची नोंद मातेच्या माहितीत करावी की घराच्या, हा प्रश्न वाटतो तितका पांडित्याचा नाही.

त्याच वर्षी तमिळनाडूच्या ग्रामीण भागातील एक अभ्यासही प्रसिद्ध झाला. तेथे प्रसूतीनंतर नव्याने विषण्ण झालेल्या स्त्रियांचे प्रमाण ११ टक्के होते. आणि जोखमीच्या घटकांत अल्प उत्पन्न, मुलाची आस असता मुलगी होणे, गर्भारपणातील आपत्ती, कामात हातभार लावणारे कोणी नसणे, तसेच सासूशी व आईवडिलांशी संबंध ताणलेले असणे, यांचा समावेश होता. यांतील शेवटची नोंद मराठी वाचकाने थबकून वाचावी अशी आहे. बाळंतपणासाठी, निदान पहिल्या खेपेस, माहेरी जाण्याची आपली रीत मातेला विसावा देते अशी सर्वसाधारण समजूत आहे व ती बहुतांशी रास्तही असेल. पण माहेराचा आधार गृहीत धरता येत नाही. संबंध दुरावलेले असतील तर तेच माहेर जाच ठरते, आणि चांगले असेल तर सव्वा महिन्यानंतर सासरी परतताना तो आधार एकाएकी सुटतो. सहा ते आठ आठवड्यांची पाहणी नेमकी या स्थित्यंतराच्या आसपास येते, हे संशोधन आखताना ध्यानात ठेवावे लागेल.

ओहारा व स्वेन यांनी १९९६ मध्ये मुख्यत्वे पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात पूर्वीचा मनोविकार, गर्भारपणातील अस्वास्थ्य, दांपत्यजीवनातील कलह, आधाराचा अभाव व जीवनातील आघात हे घटक प्रबळ ठरले. प्रसूती अवघड झाली की सुकर, याचा प्रभाव त्या मानाने थोडाच दिसला. तसाच खालच्या आर्थिक-सामाजिक स्थितीचाही. आपल्याकडील अभ्यासांत दारिद्र्य एवढे पुढे येते आणि तेथे मागे पडते. जेथे गरिबाच्या घरीही दोन वेळची भाकर सुटत नाही तेथील दारिद्र्य आणि जेथे ती सुटते तेथील दारिद्र्य, या दोहोंस एकच शब्द लावण्याचा हा परिणाम असावा. भारतातील ३८ अभ्यासांचे जे एकत्रीकरण २०१७ साली झाले, त्यात प्रसूत्युत्तर विषण्णतेचे प्रमाण २२ टक्के आले. ओहारा व स्वेन यांचा आकडा १३ होता.

अशा तुलनेत मोजमापाचा प्रश्न येतोच. कॉक्स, होल्डन व सागोव्हस्की यांनी १९८७ मध्ये तयार केलेली एडिंबरो प्रश्नावली आज सर्वत्र वापरली जाते. तीत दहा प्रश्न असून गेल्या सात दिवसांतील मनःस्थिती विचारली जाते, आणि गुण शून्यापासून तीसपर्यंत पडतात. प्रसूतेचा थकवा व भूक यांविषयीचे शारीरिक प्रश्न बुद्ध्याच गाळले आहेत, कारण ते कोणत्याही बाळंतिणीस लागू पडतील. मात्र अधिक गुण म्हणजे निदान नव्हे. मर्यादेचा आकडाही भाषेगणिक तपासून घ्यावा लागतो, आणि गोव्यात कोंकणी रूपाच्या बाबतीत तसे केले गेले. दहावा प्रश्न आत्मघाताच्या विचारासंबंधी आहे. एकूण गुण कितीही कमी असले तरी त्याचे उत्तर स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे.

जोखमीचे हे घटक पाहिले म्हणजे एक शंका साहजिकच उत्पन्न होते : दारिद्र्य, कलह व मुलीविषयीची नाराजी दूर होईपर्यंत वैद्यकाने करायचे काय? या शंकेस अतिफ रहमान व सहकाऱ्यांच्या रावळपिंडी परिसरातील प्रयोगाने उत्तर दिले. तेथे गावोगावच्या आरोग्यसेविकांनी विषण्ण गर्भिणींच्या घरी जाऊन गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यापासून पुढे दहा महिने ठराविक पद्धतीने संभाषण केले. विचारांची दिशा, मुलाची देखभाल व घरातील माणसांचे साहाय्य हे त्याचे विषय होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सहा महिन्यांनी या गटात २३ टक्के स्त्रिया विषण्ण उरल्या, तर इतर गटात ५३ टक्के. या अवधीत कोणाचे दारिद्र्य हटले नव्हते. अर्भकांना जुलाब कमी झाले, लसीही अधिक नियमाने टोचल्या गेल्या. परंतु त्यांचे वजन व उंची यांत मात्र मोजण्याजोगा फरक पडला नाही. गोव्यातील मातांच्या पाहणीत विषण्णतेची सांगड अर्भकाच्या खुंटलेल्या वाढीशी आढळली होती. त्यामुळे आईची विषण्णता उतरूनही अर्भकाची वाढ का सुधारली नाही, हा प्रश्न या प्रयोगानंतर शिल्लक राहिला.