विजयदुर्गच्या ओट्यांपासून खोडदच्या तबकड्यांपर्यंत

विजयदुर्गच्या किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ दाखवताना, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी येथूनच हेलियमचा शोध लावला, असे सांगण्याचा प्रघात आमच्या सिंधुदुर्गात दृढमूल झालेला आहे. कथा अभिमानाची असली, तरी तत्कालीन नोंदींशी तिचा मेळ बसत नाही. त्या ग्रहणाचे वेध फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झान्सेन यांनी गुंटूरहून घेतले. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते आणि २० ऑक्टोबर रोजी, ग्रहणाची वाट न पाहता, त्यांनी लंडनहून सौरज्वालेचा, हेलियमची रेषा असलेला वर्णपट मिळवला. विजयदुर्गास ते आले, हे मात्र खरेच. पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेवरील खलाशांना त्यांनी हाताशी धरले आणि लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्यकडेचे वर्णपट काचेच्या तबकांवर टिपून घेतले. त्याच ग्रहणाचे वेध सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला यांनीही घेतले, ही गोष्ट आमच्याकडे कोणी सांगत नाही. सत्य इतके भरीव असताना तीस वर्षे मागे जाऊन उसना मान मिळवण्याचे कारण नाही. किल्ल्यातील फलकावर १८९८ हेच साल असावे.

या दोन ग्रहणांतील एक भेद कोकणवासीयाच्या सहज ध्यानात येतो. पहिले ऐन पावसाळ्यात आले, दुसरे निरभ्र पौषमाघात. प्रकाशाच्या दुर्बिणीला ढगाने एकदा आडकाठी केली, की महिनोन्‌महिने केलेली सिद्धता दोन मिनिटांत व्यर्थ ठरते, आणि मृगापासून आकाश मिटून घेणाऱ्या आमच्या किनाऱ्यावर ही पराधीनता वर्षातील चार महिने नित्याचीच असते. मीटरभर लांबीच्या रेडिओतरंगांना मात्र ढगांचा आणि दिवसाच्या उजेडाचा अटकाव होत नाही; कार्ल जान्स्की यांना आकाशगंगेतून येणारा रेडिओतरंगांचा खरखराट १९३० नंतरच्या दशकात ऐकू आला, तेव्हा आकाश पाहण्याचा एक सर्वस्वी नवा मार्ग खुला झाला.

महाराष्ट्रात या विद्येचा आरंभ उसन्या सामानावर झाला. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप १९५३ पासून ऑस्ट्रेलियात शिकत असता, सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सूर्याचे वेध घेणाऱ्या, सुमारे सहा फूट व्यासाच्या बत्तीस अन्वस्ताकार तबकड्या तेथे लवकरच निरुपयोगी होणार असल्याचे त्यांच्या ध्यानी आले, आणि त्या भारताला द्याव्यात, अशी विनंती त्यांनी केली. विनंती मान्य झाली. तथापि ते सामान दिल्लीस पोचून काही काळ पडूनच राहिले. होमी भाभांच्या बोलावण्यावरून स्वरूप १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि १९६५ मध्ये कल्याण येथे त्याच तबकड्या मांडून ६१० मेगाहर्ट्झ कंप्रतेवर सूर्याचे निरीक्षण सुरू झाले. १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली, तिच्यामागे कल्याणचा अनुभव होता.

या सर्व कार्याचा परिपाक म्हणजे जुन्नर तालुक्यातील नारायणगावजवळ खोडद येथे उभारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तेथे आहेत. त्यांपैकी चौदा सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती चौकात दाटीने, आणि उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरलेल्या, अशी रचना करून पंचवीस किलोमीटरचा विस्तार साधलेला आहे. तबकडी भरीव पत्र्याची करावी, तर तिचा भार आणि वाऱ्याचा रेटा पेलण्यास अवाढव्य सांगाडा व तितकाच अवाढव्य खर्च लागला असता. म्हणून स्वरूप यांनी नळ्यांच्या चौकटींत पोलादी तारदोर ताणून त्यांवर बारीक तारेची जाळी बसवण्याची योजना केली. रापणीच्या जाळ्याचा आस माशापेक्षा लहान असला, की पाणी निघून जाते आणि मासा अडतो. तसाच येथे वारा जाळीतून निघून जातो, आणि तिच्या छिद्रांहून कितीतरी लांब असलेला तरंग परावर्तित होऊन नाभीपाशी एकवटतो. स्वल्प साधनांतून साधलेली ही युक्ती मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत श्रेष्ठ कृती वाटते.

नाभीपाशी फिरत्या चौकोनी बुरुजावर निरनिराळ्या कंप्रतांचे ग्राहक, म्हणजे तेथील भाषेत ‘फीड’, बसवलेले असतात. हवा तो ग्राहक समोर आणता येतो. त्याच्याकडील अत्यंत क्षीण संकेत अॅम्प्लिफायरने बळावून प्रकाशतंतूंमधून मध्यवर्ती केंद्रात पोचवतात, आणि तेथे ‘कोरिलेटर’ हे यंत्र तीस तबकड्यांतून जुळणाऱ्या ४३५ जोड्यांच्या संकेतांचा परस्परमेळ घालते. त्यातून पुढे संगणकावर आकाशाची प्रतिमा सिद्ध होते. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या वेधात सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वीच्या एका दीर्घिकेतील हायड्रोजनचा संकेत या दुर्बिणीने पकडला. निघताना २१ सेंटिमीटर लांबीचा असलेला तो तरंग विश्वाच्या प्रसरणामुळे ताणला जाऊन ४८ सेंटिमीटरांचा झाला होता. गोविंद स्वरूप सप्टेंबर २०२० मध्ये निवर्तले. हा वेध पाहण्यास ते नव्हते.

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदचे केंद्र जनतेस खुले असते, आणि शाळा-महाविद्यालयांचे प्रयोगही तेथे मांडले जातात. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या शिक्षकांनी एकदा तरी आपली मुले तेथे न्यावीत, आणि भ्रमणध्वनीच्या लहरींनी वेधात व्यत्यय येतो म्हणून आवारात शिरण्यापूर्वी सर्वांनी आपापले फोन बंद करावेत, ही विनंती.